उमद्याला एक प्रश्न

नानांच्या टेबलावर मी सात वेळा मेलो. तीनदा घाईने, दोनदा हावरटपणाने, एकदा दोरी न तपासता विहिरीत उतरलो म्हणून, आणि एकदा चक्क झोपेत, कारण त्या रात्रीचा पहारा माझाच होता. दर वेळी नाना माझा कागद नीट चौघडी करून फाईलला लावायचे आणि त्यांच्या त्या आवाजात जाहीर करायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शूरवीर यांचा प्रवास इथेच संपलेला आहे. नातेवाइकांनी सामान घेऊन जावे." सगळे हसायचे. मी सगळ्यांत जास्त हसायचो आणि नवा कागद ओढून नवा शूरवीर बनवायला बसायचो.

आठवी चूक केली तेव्हा मी मेलो नाही. म्हणून तर हे लिहावं लागतंय.

यशवंत नाना जळगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. माणूस अंगाने इतका किरकोळ, की खुर्चीत बसले तर खिडकीतून फक्त टोपी दिसायची. आवाज मात्र एखाद्या पहिलवानाचा. 'पाचोरा, चाळीसगावमार्गे जाणारी' एवढं त्यांनी म्हटलं की फलाटावर पेंगणारा माणूस पिशवी सावरायचा. लोक तक्रार घेऊन यायचे, आत डोकवायचे आणि नानांनाच विचारायचे, "ते बोलणारे साहेब कुठं गेले?" नाना गंभीरपणे सांगायचे, "जेवाले गयात." आणि तक्रार स्वतःच लिहून घ्यायचे.

माझी स्टँडसमोरच्या गल्लीत छोटी लॅब आहे. रक्त, लघवी, थुंकी. नाना साखर तपासायला यायचे. एकदा आले तेव्हा त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत सात-आठ रंगीत खडे. कुणाला चार बाजू, कुणाला बारा, एकाला वीस. "हे तुमच्या लायनीतलं काही शे का?" त्यांनी विचारलं. मला माहीत नाही असं म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी एक खडा उजेडात धरला आणि डॉक्टरी गांभीर्याने म्हणालो, "मूतखड्याचे नमुने दिसताहेत. कॉलेजात ठेवतात असे." नानांनी तो खडा माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "यावर आकडे शेत भो," ते म्हणाले. "मूतखड्यावर आकडे ऱ्हातस का?"

पुण्याहून आलेल्या गाडीत कुणीतरी एक पिशवी विसरून गेलं होतं. त्यात हे फासे आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. नानांनी तीन दिवस माइकवरून पुकारलं, "फासे व ड्रॅगनचे पुस्तक विसरलेल्या प्रवाशाने नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा." हमाल, रिक्षावाले तेवढ्यासाठी येऊन नानांचं तोंड बघून जायचे. मालक काही आला नाही. नानांनी पिशवी कपाटात ठेवली आणि वर्षभर हात लावला नाही. वर्ष उलटल्यावर मात्र डबा खायच्या वेळात डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली. तळटिपांसकट. नाना कुठलाही छापील कागद अर्धवट वाचून सोडत नसत. औषधाच्या बाटलीबरोबरची घडीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचत.

खेळ तसा सोपा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. तुम्ही काय करता ते तुम्ही बोलायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला पुस्तकात मोठं इंग्रजी नाव होतं, पण नानांनी स्वतःला नाव दिलं कंट्रोलर. दर रविवारी दुपारी, लॅब बंद असताना, रक्त घ्यायच्या टेबलावर आम्ही चौघं बसायचो. नाना, मी, स्टँडजवळ मोटरसायकलच्या सीटांना कव्हरं शिवणारा सईद, आणि पहूरच्या शाळेत शिकवणाऱ्या शुभांगी मॅडम. मॅडम रोज गाडीने जाऊन-येऊन करायच्या. गाडी का सुटत नाही म्हणून भांडायला त्या नियंत्रण कक्षात शिरल्या आणि नाना पुस्तक वाचताना सापडले, ही त्यांची ओळख. नऊ वर्षं आमची एकच गोष्ट चालू होती.

नानांचा जीव त्या पुस्तकातल्या ड्रॅगनांवर. त्यात ड्रॅगनांची दोन कुळं सांगितलेली. एक रंगाचं, म्हणजे लाल, काळा, हिरवा. हे जाळणारे, लुटणारे, गोड बोलून गिळणारे. दुसरं कुळ धातूचं, सोनं, रुपं, पितळ, कासं, तांबं. हे माणसाची बाजू घेणारे. नाना त्यांना 'उमदे' म्हणायचे. पुस्तकातल्या डोंगर-दऱ्या त्यांनी पार पुसून टाकल्या आणि सगळ्या उमद्यांना खानदेशात आणून बसवलं.

पितळी ड्रॅगनला ऊन आवडतं आणि गप्पा आवडतात, असं पुस्तकात होतं. नानांनी त्याला मे महिन्यात भुसावळजवळ तापीच्या वाळूत लोळत ठेवला. तो कुणाला मारत नसे, फक्त बोलल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. एका रविवारी नाना त्याच्या तोंडून चाळीस मिनिटं एकटे बोलत होते, केळीच्या भावापासून चुलतबहिणीच्या सोयरिकीपर्यंत, आणि आम्ही तिघं तलवारी म्यान करून 'हो ना, हो ना' करत होतो. साक्रीपलीकडच्या डोंगरात तांब्याचा होता. त्याला विनोद सांगायची हौस, आणि हसला नाहीत तर तो आठवडाभर रुसायचा. कासेरी गिरणेच्या धरणावर पाण्याकडे बघत बसलेला. सोनेरी सगळ्यांत मोठा, न्याय देणारा. नऊ वर्षांत तो दोनदाच आला. तो बोलायचा थेट स्टँडवरच्या भाषेत, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'पासून सुरुवात करून.

आणि रुपेरी. रुपेरी ड्रॅगनला माणसांत राहायची आवड, म्हणून तो माणसाचं रूप घेऊन फिरतो. त्याची आणि माझी गाठ पहिल्याच महिन्यात पडली. धुळ्याकडे जाताना लळिंगच्या किल्ल्याखाली आम्हाला एक बकऱ्या चारणारा म्हातारा भेटला. त्याने आम्हाला भाकरी दिली, वाट दाखवली, सईदच्या योद्ध्याच्या पायातला काटा काढला. सकाळी मी उठून बघतो तर (म्हणजे नाना सांगतात, 'तू उठून बघतोस तर') गडावर चांदीसारखा चकाकणारा ड्रॅगन बसलेला. मी ओरडलो, "मारतो!" आणि फासा टाकला. वीस, म्हणजे एका घावात खलास! नऊ वर्षांत मला वीस पडले ते मोजून चार वेळा, त्यातले हे पहिले. मी खुर्चीवर उभा राहून नाचलो.

नानांनी फासा उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "खाली बकऱ्या ओरडू राहिल्यात. त्यांचा मालक कुठं गेला, त्यांना कळत नाहीये."

माझे हात वरच राहिले.

"तू त्याले इचारं का, कोन शेस तू?" नानांनी मला विचारलं. "भाकर खादी ना त्यानी? एक शब्द इचारता नही उना?"

पुढचे दोन महिने गोष्टीतल्या कुठल्याही गावात आम्हाला कुणी पाणी दिलं नाही. सईद खऱ्या आयुष्यातही मला पाणी देईना. "कातिल लोगों के लिए नल है," म्हणायचा.

त्यानंतर नानांनी नियम केला. पुस्तकात नव्हता, त्यांचा स्वतःचा. उमदा ड्रॅगन समोर आला की प्रत्येकाने त्याला एक प्रश्न विचारायचा. गोष्टीतला विचारा, नाहीतर घरचा विचारा. ड्रॅगन जे सांगेल ते खरंच असणार. त्याला माहीत नसेल तर तो 'माहीत नाही' म्हणेल, पण खोटं सांगणार नाही. आणि ड्रॅगनच्या तोंडून बोलण्याआधी नाना उठायचे, बेसिनवर जाऊन तंबाखू थुंकायचे, तीनदा चूळ भरायचे, तोंड पुसायचे आणि उभे राहून बोलायचे. एरवी तोंडात गोळी धरून जगभर बोलणारा माणूस, पण उमद्याचं वाक्य घाण तोंडाने काढायचा नाही.

"खोटं का नाही बोलत ते?" शुभांगी मॅडमनी एकदा विचारलं होतं. शिक्षिकाच त्या, कारण मागणारच.

"ज्याच्या पोटात आग आहे त्याला कुणाची भीती?" नाना म्हणाले. "खोटं घाबरलेला बोलतो मॅडम. ह्या लॅबवाल्याला बघा. फासा तीन पडला तर अंगठ्याने तेरा करतो."

मी लगेच अंगठा उचलला. खाली तीन होते.

घरचा प्रश्न विचारायची हिंमत आधी सईदने केली. रस्ता रुंद होणार अशी कुणकुण होती. कुणी म्हणे दुकानं जाणार, कुणी म्हणे काही होत नाही. सईद महिनाभर ज्याला त्याला विचारत होता आणि जो तो त्याला 'टेन्शन मत ले' म्हणत होता. मीही म्हटलं होतं. त्या रविवारी गिरणेवरचा कासेरी भेटला आणि सईद त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "हुजूर, मेरी दुकान बचेगी क्या?"

नानांनी चूळ भरली. स्टँडवर मोजणीवाले येऊन गेले होते, नकाशा नानांनी पाहिला होता. ते सईदकडे सरळ बघून म्हणाले, "नाही वाचणार. तुझी पूर्ण ओळ जाणार आहे. दिवाळीच्या आत."

सईदचा चेहरा उतरला. तो उठून गेला. मी नानांवर चिडलो. रविवार असा नासवतात का कुणाचा? पण सईदने दुसऱ्या दिवसापासून जागा शोधायला सुरुवात केली, आणि दिवाळीच्या आधी त्या ओळीवर यंत्र फिरलं तेव्हा त्याच्या शिलाईच्या मशिनी महिनाभर आधीच नव्या जागेत चालत होत्या. शेजारचे दोघं पत्रे उचलत रस्त्यात उभे होते. सईद मला म्हणाला, "देख लॅबवाले. तू दोस्त है, तूने तसल्ली दी. उसने टाइम दिया."

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी, चहा पिता पिता ऐकलं होतं.

तिसऱ्या वर्षीचं, पाचव्या वर्षीचं सांगत बसलो तर दिवस जाईल. नवव्या वर्षी उन्हाळ्यात नानांचा आवाज बसला. 'साक्री' म्हणताना 'सा' नीट यायचा आणि 'क्री' हवेत विरायची. फलाटावर लोक एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणाले? नाना म्हणायचे धूळ आहे. मी लॅबवाला. माझ्या भिंतीवर तंबाखूचा तक्ता लावलेला, त्यात तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला तर काय करावं ते मोठ्या अक्षरांत छापलेलं. त्या तक्त्याखाली बसून मी नानांना ज्येष्ठमधाची कांडी देत होतो. तीन महिने. ज्येष्ठमधाची पुडीसुद्धा मीच बांधून द्यायचो.

शेवटी मॅडमनीच त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. घशातला तुकडा काढून तपासायला गेला तो माझ्याच लॅबमधून, आणि रिपोर्ट माझ्याच मेलवर आला. मी त्याची प्रिंट काढली. मग दुसरी काढली. पहिल्या प्रिंटला शाई कमी पडली होती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. दोन्हींत एकच मजकूर होता.

नानांचा मुलगा मिलिंद नाशिकला नोकरीला होता. तो आला, डॉक्टरांना भेटला. नानांसमोर डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, काढून टाकू. बाकीचं त्यांनी मिलिंदला वेगळं सांगितलं: स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासाला गळ्यात भोक राहील, आवाज परत येणार नाही. मिलिंद माझ्या लॅबमध्ये येऊन रडला. "काका, नानांना कळता कामा नये. ऑपरेशनला तयारच होणार नाहीत. एकदा होऊन जाऊ द्या, मग सांगू सावकाश." मागे त्याची आई उभी होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. अक्का हात जोडून म्हणाली, "त्यासले काही सांगू नका भो. मी हात जोडस."

मी हो म्हटलं. सईद आणि मॅडमना मीच सांगितलं, आणि गप्प राहायलाही मीच सांगितलं. ऑपरेशनला पंधरा दिवस होते. मध्ये दोन रविवार.

पहिल्या रविवारी नाना आले ते फाईल न घेता. माझ्या शेजारच्या, म्हणजे खेळाडूंच्या खुर्चीत बसले. त्यांची खुर्ची रिकामी.

"आज मी प्रवासी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कंट्रोलर तू."

"मी?" मी म्हणालो. "मला काय येतंय?"

"फार नही. तू फक्त सोनेरी ड्रॅगन होय. एकच वाक्य बोलनं शे तुले."

त्यांनी स्वतःसाठी एक नवा माणूस लिहून आणला होता. कागदावर व्यवस्थित अक्षरात: दवंडीवाला, वय साठ, शस्त्र नाही. तो दवंडीवाला एकटाच डोंगर चढून सोनेरी ड्रॅगनकडे आला होता, कारण त्याच्या गावातले सगळे लोक अचानक त्याच्याशी फार चांगले वागायला लागले होते.

"बायको दोनदा इचारस, काय खाशात," नाना सांगत होते. "पोऱ्या नोकरी सोडीसन घर बसेल शे. दोस्त डोळाले डोळा देत नहीत. बठ्ठा लोक चूप का बसनात, त्याले समजत नही."

सईद फाशांकडे बघत होता. मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, बराच वेळ.

"जा, चूळ भर," नाना मला म्हणाले.

मी तंबाखू खात नाही. तरी उठलो, बेसिनवर गेलो, तीनदा चूळ भरली. आरशात माझं तोंड दिसत होतं. परत येऊन उभा राहिलो. नानाही उठून उभे राहिले, हात जोडले, आणि मला, माझ्यासारख्या माणसाला, त्यांनी नऊ वर्षांत कधी न विचारलेला त्यांचा एक प्रश्न विचारला.

"मना आवाज जाई का?"

मी खोटं का बोललो ते मी पुष्कळ लोकांना पुष्कळ प्रकारे सांगितलं आहे. मिलिंदला शब्द दिला होता. अक्काने हात जोडले होते. सगळं खरं आहे. पण त्या क्षणी यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी घाबरलो होतो, एवढंच. आणि घाबरलेला मी नेहमी जे करतो ते केलं, नक्कल. छाती फुगवली आणि नानांचाच जुना, भरदार आवाज काढून म्हणालो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दवंडीवाले यांची गाठ साधी आहे. ती काढल्यावर त्यांचा आवाज पंधरा दिवसांत परत येईल. प्रवाशांनी काळजी करू नये."

लाज वाटते, पण लिहितो. नक्कल हुबेहूब साधली याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. ते खाली बसले, दवंडीवाल्याच्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "चाल," म्हणाले. "मंग बरं शे."

त्यांच्या डोक्यात गोष्टीचा शेवट तयार होता, हे तेव्हा त्यांनी सांगितलं. पाचही उमदे एकत्र येणार, प्रत्येक जण आपापल्या आवाजात बोलणार, आणि सोनेरी नऊ वर्षांचा निवाडा देणार. लिहिलेलं काही नव्हतं. "लिहून काय करू? ते बोलायचंय," म्हणाले. आजच सुरू करायचा त्यांचा विचार होता, पुढच्या रविवारी संपवला असता. "पण आता घाई नाही. आवाज आल्यावर दिवाळीत करू. पाच आवाज काढायचेत, दम पाहिजे."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. मी म्हणालो, "बरोबर आहे नाना. आतापासून आवाजाला पूर्ण विश्रांती द्या. एक शब्द बोलू नका."

नानांनी ते मनापासून पाळलं. खिशात वही ठेवली. अक्काशी वहीवर बोलले, मिलिंदशी वहीवर बोलले. मिलिंदची मुलगी नाशिकहून 'आबा, बोला ना' म्हणत फोनवर रडायची. नाना हसून मान हलवायचे आणि फोन अक्काकडे द्यायचे. दुसऱ्या रविवारी ते आलेच नाहीत. चिठ्ठी पाठवली, 'आराम चालू आहे.' आयुष्यातले आवाजाचे शेवटचे तेरा दिवस त्या माणसाने, माझ्या सांगण्यावरून, न बोलता काढले. पुढच्यासाठी साठवून ठेवत होते.

सईद त्या पहिल्या रविवारीच लॅबच्या जिन्यात मला म्हणाला होता, "तूने टाइम खा लिया उसका." मी त्याच्यावर ओरडलो होतो.

ऑपरेशन नाशिकला झालं. कागदावर सही नानांनीच केली. अक्का नंतर सांगत होती, चार पानं होती, मोठ्या अक्षरांतली, मराठीत. नर्स म्हणाली वाचून घ्या बाबा. नानांनी तिला हाताने 'राहू दे' केलं आणि खाली सही केली. अक्काला वाटलं थकले असतील. औषधाची घडी दोन्ही बाजूंनी वाचणारा माणूस.

आठव्या दिवशी मी भेटायला गेलो. गळ्यात नळी, तिच्यातून श्वासाचा ओला, खरखरीत आवाज. नाना उशीला टेकून बसले होते. मी खुर्ची ओढली, फळं ठेवली, जळगावच्या उन्हाबद्दल बोललो, स्टँडवर आलेल्या नवीन गाड्यांबद्दल बोललो. दहा मिनिटं. पितळी ड्रॅगनसुद्धा इतकं निरर्थक बोलला नसता. नानांनी वही मागितली. पेन बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं. मग दोन शब्द लिहून वही माझ्याकडे वळवली.

'रंग कोणता?'

मला कळलं. धातूचा नव्हतोच मी. लाल होतो, काळा होतो, की हिरवा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी तिथे रडलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "नाना, मिलिंदने सांगितलं होतं." मुलगा दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला. नानांनी वही मिटली आणि मला नाही, मिलिंदला, जवळ ये अशी खूण केली.

मग ते जळगावला आलेच नाहीत. नोकरीचं एक वर्ष राहिलं होतं, ते सोडलं. धुळ्याला देवपुरात त्यांचं घर होतं, तिथे दोघं राहायला गेले. आम्ही तिघं एकदा गेलो. मॅडमनी फासे नेले होते. म्हणाल्या, मी गोष्ट पुढे नेते, नाना, तुम्ही फक्त बसा. नाना बसले, चांगले तासभर. फासाही टाकला. मॅडमनी फार प्रेमाने चालवलं होतं. मग गोष्टीत वळणावर रुपेरी ड्रॅगन आला, आणि मॅडम बोलायच्या थांबल्या. त्यांना त्याच्यासाठी आवाज सुचेना. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज आणि नानांच्या गळ्यातली ती खरखर.

सईद म्हणाला, "नाना, आखिर में क्या होनेवाला था? लिखके दे दो ना. हम पढ लेंगे."

नानांनी वही घेतली. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. तिसऱ्यांदा खोडून वही खाली ठेवली आणि हातांनीच 'नाही होत' असं दाखवलं. मग उठून आत गेले, आमच्यासाठी पाण्याचे तीन पेले भरून आणले, आमच्यासमोर ठेवले आणि पुन्हा टेबलाशी बसले नाहीत. तो आमचा शेवटचा खेळ. सईद आता मला रस्त्यात भेटला तर हात करतो, थांबत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम धुळ्याला गेलो, एकटा. जळगाव ते धुळे मी एकच वाक्य घोकत होतो. त्यात मिलिंद नव्हता, अक्का नव्हती, फक्त मी होतो. पारोळ्यापर्यंत ते मला बिनचूक यायला लागलं होतं. पण देवपुरात घराला कुलूप. शेजारचे म्हणाले बाजारात गेले असतील, पाचकंदीलला.

नाना एका भाजीवालीसमोर उभे होते. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, हातात पिशवी, अंगावर पूर्वीचाच शर्ट, पण आत माणूस निम्मा. ते वांग्यांकडे बोट दाखवत होते, मग दोन बोटं वर करत होते, मग तळवा उलटा करून काहीतरी सांगत होते. बाई वैतागलेली. गिऱ्हाइकं मागून ढकलत होती.

"काय बाबा, काय म्हणता? दोन काय? दोन काय पाहिजे?" ती ओरडत होती, जसं काही ते बहिरे होते. नानांनी पुन्हा दोन बोटं दाखवली, पुन्हा तळवा उलटा केला. वही घरी विसरले असावेत.

मी पुढे झालो. नानांनी मला पाहिलं. राग नाही, आनंद नाही. गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसं पाहिलं.

"ओ भाऊ, तुमच्या वळखीचे हायेत का?" बाई मला म्हणाली. "कव्हाचे बोट दाखवू राहिले. काय म्हणताय ते तुम्ही तरी सांगा ना."

नऊ वर्षं मी त्या माणसाचं बोलणं ऐकत बसलो होतो. पाच ड्रॅगन, शंभर गावकरी, भुतं, राजे, बकऱ्या. मी नानांच्या हाताकडे बघितलं. दोन बोटं. उलटा तळवा. काही कळलं नाही. बाई थांबली होती, मागची माणसं थांबली होती, आणि मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही.

"दोन किलो म्हणताहेत," मी म्हणालो.

नानांची मान 'नाही'कडे हलायला लागली होती. ती मध्येच थांबली. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. बाईने दोन किलो वांगी तोलून आत ओतली. घरात दोनच माणसं. नानांनी पैसे दिले, पिशवी उचलली आणि एका बाजूला कलत गर्दीतून चालू लागले.

मी घोकलेलं वाक्य घेऊन तिथेच उभा राहिलो. ते कोपऱ्यावर एकदा थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मागे न बघता गल्लीत वळले.